मंगळावरील कोरडी खोरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मंगळावरील प्राचीन, पाण्याने कोरलेल्या खोऱ्यांविषयी गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांची गावे दिली आहेत. काही प्रश्नांना थोडक्यात उत्तर पुरते. पहिला प्रश्न आणि हवामानाविषयीचा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागणारे आहेत.

प्रश्न (एक शिक्षिका, कऱ्हाड) : मंगळाच्या छायाचित्रांत नद्यांच्या कोरड्या पात्रांसारखे आकार दिसतात, हे मान्य. परंतु केवळ आकार पाहून ते पाण्यानेच कोरले आहेत असे खात्रीने कसे सांगता येते? लाव्हारसाने किंवा वाऱ्यानेही अशा वाहिन्या होऊ शकतील.

उत्तर : ज्यांनी ही खोरी प्रथम पाहिली त्या शास्त्रज्ञांनाही हीच शंका आली होती आणि तिचे समाधानकारक निरसन व्हायला काही दशके लागली. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाजवळून जाता जाता ग्रहाच्या जेमतेम एक टक्का पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली होती. त्यांत चंद्रावर असतात तशी विवरेच दिसल्यामुळे मंगळावर कधी काही घडलेच नसावे, असा समज पसरला. पुढे १४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचले तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. काही आठवड्यांनी धूळ खाली बसली आणि उपनद्यांसह पसरलेली खोरी दिसू लागली. त्या वेळी लाव्हारस, वारा, द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असे सगळे पर्याय गांभीर्याने तपासले गेले, आणि ते तपासणे आवश्यकच होते.

लाव्हारसाचा पर्याय तर अजिबात हलका नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर चंद्रावरील ज्या हॅडली घळीजवळ उतरले, ती शंभर किलोमीटरहून लांब घळ लाव्हारसाच्या प्रवाहामुळे झालेली आहे. शुक्रावरील बाल्टिस व्हॅलिस ही सुमारे ६,८०० किलोमीटर लांबीची वाहिनी सूर्यमालेतील ज्ञात वाहिन्यांत सर्वांत लांब असून तीही लाव्हारसाचीच मानली जाते. त्यामुळे लांब, वळणदार, स्पष्ट काठ असलेली वाहिनी दिसली एवढ्यावरून पाण्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

खरा फरक वाहिनी सुरू कशी होते यात असतो. लाव्हारसाची वाहिनी एखाद्या मुखापाशी किंवा भेगेपाशी सुरू होते, बहुधा तिथेच ती सर्वांत रुंद असते आणि पुढे अरुंद होत, तिला फाटे फुटत ती संपते. पावसाच्या किंवा वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने झालेले जाळे याच्या अगदी उलट असते. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात असंख्य ओहोळ मिळून ओढा होतो आणि ओढे मिळून नदी होते, तसे इथेही लहान वाहिन्या मोठ्या पाणलोट क्षेत्रातून एकत्र येत जातात आणि खोरे खालच्या दिशेने मोठे होत जाते. मंगळाच्या दक्षिण गोलार्धातील वॉरेगो व्हॅलेस हे अशा दाट जाळ्याचे उत्तम उदाहरण आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरील लेसर उंचीमापकाने संपूर्ण ग्रहाच्या उंच-सखलपणाचा नकाशा तयार केल्यानंतर ही खोरी प्राचीन उताराला धरूनच वाहत होती, हेही स्पष्ट झाले. मंगळावरची बहुतेक खोरी १ ते ४ किलोमीटर रुंद आणि ५० ते ३०० मीटर खोल आहेत. लांबी मात्र शेकडो किलोमीटरपर्यंत जाते.

सगळी खोरी एकाच जातीची नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. निर्गल व्हॅलिस हे पाचशे किलोमीटरहून लांब खोरे आहे, पण त्याच्या उपनद्या थोड्या आणि आखूड आहेत, आणि त्यांची सुरुवातीची टोके उभ्या कड्यांनी वेढलेल्या अर्धगोलाकार कोनाड्यांसारखी आहेत. जमिनीतून पाझरणाऱ्या झऱ्यांनी कड्याचा पायथा पोखरला, वरचा भाग कोसळला आणि खोरे हळूहळू मागे सरकत गेले, असा त्याचा अर्थ बराच काळ लावला जात होता. परंतु पृथ्वीवर बेसॉल्टच्या कातळात झालेल्या अशाच घळींचा अभ्यास केल्यावर, विशेषतः अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बॉक्स कॅन्यनच्या अभ्यासातून, असे दिसले की झऱ्यांमध्ये एवढा कठीण कातळ फोडून ते दगड वाहून नेण्याची ताकद नसते आणि ती घळ एका मोठ्या पुराने कोरली गेली असावी. त्यामुळे टोकाच्या आकारावरून भूजलाचा निष्कर्ष काढताना आता बरीच सावधगिरी बाळगली जाते.

२०१८ मध्ये यापेक्षा सूक्ष्म असा एक पुरावा पुढे आला. दोन वाहिन्या मिळतात तिथला कोन हवामानानुसार बदलतो. पृथ्वीवरील दमट, भूजलावर पोसलेल्या प्रदेशांत तो सरासरी ७२ अंशांच्या आसपास असतो, तर कोरड्या प्रदेशांत, जिथे थोडा पण जोरदार पाऊस पडून पाणी जमिनीवरूनच वाहून जाते, तिथे तो सुमारे ४५ अंश असतो. मंगळावरच्या खोऱ्यांतील कोन या दुसऱ्या गटाशी जुळतात.

तरीही मला सर्वांत निर्णायक वाटतो तो पुरावा जमिनीवरचा आहे, कारण त्यात आकाराच्या अर्थाविषयी वाद घालायला जागा उरत नाही. ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरला पहिल्या काही आठवड्यांतच गोल, गुळगुळीत गोटे एकमेकांना चिकटून झालेला खडक सापडला. त्यांतले काही गोटे काही सेंटिमीटर आकाराचे होते. एवढे मोठे खडे वारा उडवून नेऊ शकत नाही, आणि लाव्हारस त्यांना घासून गोल करत नाही. ते पाण्यातून लांबवर गडगडत आलेले असले पाहिजेत. त्या प्रवाहाची खोली घोट्यापासून कमरेपर्यंत असावी, असा अंदाज करण्यात आला. खोऱ्यांच्या मुखाशी साचलेले त्रिभुज प्रदेश आणि कक्षेतून आढळलेली चिकणमातीची खनिजे यांची जोड मिळाल्यावर, पाणी वाहिले होते का, हा प्रश्न माझ्या मते सुटलेला आहे. ते किती काळ आणि कोणत्या हवामानात वाहिले, हा प्रश्न सुटलेला नाही.

प्रश्न (नागपूर) : शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून मंगळावर जे कालवे दिसल्याचे सांगत, ते म्हणजे हीच खोरी होती का?

उत्तर : नाही, त्या दोहोंचा काहीही संबंध नाही. पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ मध्ये अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारून मंगळावरच्या सरळ रेषांचे तपशीलवार नकाशे काढले आणि ते कालवे बुद्धिमान जीवांनी बांधल्याचा दावा केला. त्यांची मोठी दुर्बीण सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाची होती. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ, म्हणजे सुमारे ५ कोटी ६० लाख किलोमीटरवर आला, तरी अशा दुर्बिणीतून सैद्धांतिक दृष्ट्याही पन्नास किलोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळे दिसू शकत नाहीत, आणि आपल्या वातावरणाच्या हालचालींमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी दिसते. दोन-चार किलोमीटर रुंदीची खोरी त्यांना दिसणे शक्यच नव्हते. यानांनी काढलेल्या नकाशांवर लोवेल यांच्या रेषांच्या जागी बहुतेक ठिकाणी काहीच आढळत नाही. अंधुक, तुटक ठिपके डोळा आपोआप रेषेने जोडतो, त्याचाच तो परिणाम होता.

प्रश्न (फोंडा, गोवा) : मंगळावर काही वाहिन्या शेकडो किलोमीटर रुंद आहेत, असे वाचले. त्याही नद्याच का? आणि त्यांतील एकीला ‘मंगल’ असे नाव असल्याचे खरे आहे का?

उत्तर : आपण ज्यांच्याविषयी विचारता त्या वाहिन्या वेगळ्या वर्गातल्या आहेत आणि त्यांना महापुरांच्या वाहिन्या म्हणणे योग्य होईल. कासेई व्हॅलेस, एरेस व्हॅलिस या त्यांतल्या प्रसिद्ध वाहिन्या आहेत. त्या उपनद्यांनी हळूहळू मोठ्या होत नाहीत. जमीन खचून, तुटून अस्ताव्यस्त झालेल्या प्रदेशातून त्या एकदम पूर्ण रुंदीने निघतात, त्यांच्या तळावर प्रवाहाच्या दिशेने लांबट खोबणी असतात आणि एखादे विवर वाटेत आले तर त्याच्या मागे अश्रूच्या थेंबासारखे निमुळते बेट उरलेले असते.

याला पृथ्वीवरचा जोडीदार अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहे. तिथल्या बेसॉल्टच्या पठारावर खरवडून निघालेले प्रचंड पट्टे आहेत, आणि ते एका अतिप्रचंड पुराने झाले असावेत, असे जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून मांडले. त्या काळच्या भूवैज्ञानिकांनी त्यांना कित्येक वर्षे जुमानले नाही. पुढे हिमयुगात बर्फाच्या बांधामागे साठलेले मिझुला नावाचे विशाल सरोवर फुटून ते पूर आल्याचे सिद्ध झाले, आणि १९७९ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, ब्रेट्झ यांना अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोझ पदक मिळाले. मरिनर आणि व्हायकिंग यानांची छायाचित्रे आली तेव्हा व्हिक्टर बेकर यांनी त्याच पठाराच्या अभ्यासाच्या आधारे मंगळावरच्या वाहिन्यांचा अर्थ लावला. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान एरेस व्हॅलिसच्या मुखाशी मुद्दाम उतरवण्यात आले, कारण पुराने दूरदूरच्या प्रदेशांतले खडक तिथे आणून टाकले असण्याची शक्यता होती.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवली पाहिजे. असा पूर थंड हवामानातही येऊ शकतो. गोठलेल्या जमिनीखाली दाबाने अडकलेले भूजल फुटून बाहेर आले तर पृष्ठभागावर बर्फाचा थर धरत असतानाही ते शेकडो किलोमीटर वाहू शकते. महापुरांच्या बहुतेक वाहिन्या खोऱ्यांच्या जाळ्यांपेक्षा नंतरच्या आहेत, म्हणून प्राचीन मंगळ उबदार होता का, या वादात त्यांची साक्ष फारशी उपयोगी नाही. ती साक्ष लहान, शांत दिसणाऱ्या जाळ्यांकडूनच घ्यावी लागते.

नावाविषयीची आपली माहिती बरोबर आहे. मंगळावरच्या मोठ्या वाहिन्यांना निरनिराळ्या भाषांतील मंगळाची नावे देण्याचा प्रघात आहे, आणि मंगल व्हॅलेस हे नाव संस्कृतमधून घेतले आहे. लहान खोऱ्यांना पृथ्वीवरील नद्यांची नावे देतात. त्यांत सिंधूच्या नावावरून ठेवलेले इंडस व्हॅलिसही आहे.

प्रश्न (नाशिक) : ही खोरी ३.७ अब्ज वर्षांपूर्वीची आहेत असे सांगतात. तिथला दगड हातात नसताना वय कसे काढले?

उत्तर : विवरे मोजून. उल्का आणि लघुग्रह सतत आदळत असतात, त्यामुळे जो पृष्ठभाग जुना त्यावर विवरे जास्त. चंद्रावरील कोणत्या पृष्ठभागावर किती विवरे आहेत आणि तिथून अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांचे प्रयोगशाळेत मोजलेले वय किती, यांचा संबंध जोडून एक प्रमाण तयार केले आहे आणि मंगळाचे अंतर, गुरुत्व इत्यादींसाठी त्यात दुरुस्ती करून ते तिथे वापरतात. खोरी अरुंद असल्यामुळे त्यांच्या तळावरची विवरे मोजून भागत नाही. खोऱ्याला छेदणारी किंवा त्यावर माती टाकणारी आसपासची मोठी विवरेही धरावी लागतात. या हिशेबात दहा-वीस कोटी वर्षांची चूक सहज राहू शकते. तरी बहुतेक जाळ्यांचे कार्य ३.७ अब्ज वर्षांपूर्वीच्या आसपास थांबले, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. अल्बा मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारांवरची काही खोरी त्यानंतरची आहेत. २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने गेल विवरातील एका खडकाचे वय तिथेच, स्वतःच्या उपकरणांनी मोजले. दुसऱ्या ग्रहावर केलेले हे पहिलेच असे मोजमाप होते, आणि ते सुमारे ४.२ अब्ज वर्षे आले. विवरांच्या मोजणीवरून त्या परिसराचे जे वय अपेक्षित होते त्याच्याशी ते सुसंगत आहे.

प्रश्न (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बुलढाणा) : लोणारच्या विवराचा मंगळाच्या अभ्यासाशी संबंध जोडला जातो. तो कितपत खरा आहे?

उत्तर : खरा आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या या ठिकाणाचे महत्त्व मुळीच कमी लेखू नये. पृथ्वीवरील बहुतेक आघातविवरे ग्रॅनाइटसारख्या किंवा गाळाच्या खडकांत आहेत. लोणार हे बेसॉल्टमध्ये झालेल्या मोजक्या विवरांपैकी एक असून ते चांगल्या स्थितीत टिकून आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच असल्यामुळे, आघाताने बेसॉल्ट कसा फुटतो, वितळतो आणि पुढे पाण्याच्या संपर्कात त्याची चिकणमाती कशी होते, हे इथे प्रत्यक्ष हातात घेऊन पाहता येते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाविषयी मात्र मोठा मतभेद आहे: जुन्या पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे येते, तर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११ मध्ये काढलेले वय साडेपाच लाखांच्याही पुढे जाते.

आपल्या विषयाशी त्याचा आणखी एक धागा जुळतो. लोणारच्या काठावर पावसाच्या पाण्याने घळी पाडल्या आहेत आणि ईशान्येकडे ‘धार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी पाण्याने काठ खोलवर कापला आहे. मंगळाच्या दक्षिणेकडील सर्वांत जुन्या मोठ्या विवरांचे काठही असेच झिजलेले, कित्येक ठिकाणी फुटलेले आणि त्यांचे तळ गाळाने भरलेले दिसतात, तर त्याच भागातली नंतरची विवरे अजून धारदार आहेत. म्हणजे झीज करणारी परिस्थिती तिथे एके काळी होती आणि नंतर ती जवळजवळ बंद पडली. प्राचीन मंगळावर पाऊस किंवा हिमवर्षाव होत असावा, असे मानण्यामागे खोऱ्यांइतकेच या झिजलेल्या विवरांचेही वजन आहे. लोणारचे वय लाखांत आणि मंगळावरच्या त्या विवरांचे अब्जांत मोजावे लागते, हा फरक अर्थातच विसरून चालणार नाही.

प्रश्न (एक अभियंता, पुणे) : आज मंगळावर हवेचा दाब इतका कमी आहे की पाणी द्रवरूपात टिकत नाही. त्यातच प्राचीन काळी सूर्य आजच्यापेक्षा मंद होता. मग नद्या वाहिल्या कशा? ही विसंगती कोणी सोडवली आहे का?

उत्तर : या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आपण विचारला आहे. आज मंगळाच्या पृष्ठभागावरील सरासरी दाब सुमारे ६ मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. सूर्यापासूनच्या अंतरामुळे मंगळाला पृथ्वीच्या तुलनेत दर चौरस मीटरला फक्त ४३ टक्के ऊर्जा मिळते. ३.८ अब्ज वर्षांपूर्वी सूर्याचे तेज आजच्या तेजाच्या सुमारे तीन चतुर्थांशच होते. हा गुणाकार केला तर त्या काळी मंगळाला आजच्या पृथ्वीच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा मिळत होती, असे दिसते.

पहिला उपाय म्हणून जाड कार्बन डायऑक्साइडचे वातावरण सुचवले गेले. परंतु १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स कास्टिंग यांनी केलेल्या गणितांतून असे आढळले की हा वायू कितीही वाढवला तरी तेवढ्यानेच तापमान शून्याच्या वर जात नाही, कारण तो एका मर्यादेनंतर गोठू लागतो आणि सूर्यप्रकाशही जास्त परावर्तित करतो. तेव्हापासून दोन विचारधारा समोरासमोर उभ्या आहेत.

एक विचारधारा म्हणते की मंगळ काही काळ तरी उबदार आणि ओला होता, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडला दुसऱ्या वायूची साथ मिळाली असावी. ज्वालामुखींतून किंवा खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून निघालेला हायड्रोजन हा त्यांतला प्रमुख उमेदवार आहे. हायड्रोजनचा रेणू एरवी उष्णता अडवत नाही, पण जाड वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंशी त्याच्या टकरी होतात तेव्हा ते दोन्ही मिळून अवरक्त किरण शोषू लागतात. मोठ्या लघुग्रहाच्या आघातानंतर काही वर्षे ते काही शतके गरम पाऊस पडला असावा, असेही सुचवले गेले आहे; पण तेवढ्या अवधीत ही सगळी खोरी कोरली जाणे अवघड वाटते.

दुसरी विचारधारा म्हणते की मंगळ मुख्यतः थंडच होता. वातावरण जाड असले की उंचीनुसार तापमान घटते, त्यामुळे दक्षिणेकडील उंच प्रदेशांवर बर्फ साचत गेला आणि अधूनमधून तो वितळून खोरी झाली. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो परिसरातली ओनिक्स नदी याचे जिवंत उदाहरण आहे: वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या बरेच खाली असूनही उन्हाळ्यातील थोडे आठवडे ती हिमनदीच्या वितळलेल्या पाण्यावर सुमारे तीस किलोमीटर वाहते. याच विचारधारेला पुढे नेत २०२० मध्ये अ‍ॅना ग्राउ गॅलोफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो खोऱ्यांच्या आकारांची तुलना करून, त्यांतली बरीचशी हिमथरांखालून वाहणाऱ्या पाण्याने झाली असावीत, असा निष्कर्ष काढला. कॅनडातील डेव्हन बेटावर हिमथर मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या वाहिन्या त्यांना या खोऱ्यांशी जुळणाऱ्या वाटल्या.

माझे मत विचाराल तर, संपूर्ण थंड मंगळाचे चित्र मला अपुरे वाटते. मंगळावर अशी दोनशेहून अधिक विवरे आढळली आहेत की ज्यांत एका बाजूने पाणी शिरले, विवर काठोकाठ भरले आणि दुसऱ्या बाजूचा काठ कापून ते बाहेर पडले. बाष्पीभवन आणि पाझर सोसूनही सरोवर भरून वाहायचे असेल तर पाण्याचा पुरवठा भरपूर आणि सलग हवा. दुसरीकडे, खोऱ्यांच्या जाळ्यांची घनता पृथ्वीवरच्या नद्यांच्या मानाने बरीच विरळ आहे आणि वर सांगितलेले कोनही कोरड्या प्रदेशांचे आहेत, त्यामुळे कोट्यवधी वर्षे सतत पावसाळी हवामान होते, असेही म्हणता येत नाही. एरवी थंड आणि कोरडा असलेला ग्रह, त्यात मधूनमधून आलेले, हजारो किंवा कदाचित लाखो वर्षे टिकलेले सौम्य काळ, हे चित्र मला आजच्या पुराव्यांशी सर्वांत प्रामाणिक वाटते. हे सौम्य काळ कशामुळे आले, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप कोणाकडेही नाही.

प्रश्न (मुलुंड) : एवढे पाणी गेले कुठे? आणि आजही तिथे पाणी वाहते, अशा बातम्या येतात, त्या खऱ्या का?

उत्तर : पाण्याचे तीन वाटे झाले. काही बर्फ होऊन राहिले. दोन्ही ध्रुवांवरचा बर्फ वितळवून ग्रहभर पसरला तर निदान २० मीटर खोलीचा थर होईल. काही खनिजांत बांधले गेले. उरलेले अवकाशात निसटले. मंगळाचे चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी नाहीसे झाल्यावर सौरवारा त्याचे वातावरण थेट खरवडू लागला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या मंगलयानाच्या दोनच दिवस आधी तिथे पोहोचलेल्या मेव्हन यानाने या गळतीचे मोजमाप केले, आणि वातावरणातील आर्गॉनचा सुमारे दोन तृतीयांश भाग आजवर निसटल्याचे दाखवून दिले. पाण्यातला हलका हायड्रोजन जास्त सहज निसटतो, त्यामुळे मंगळाच्या उरलेल्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या समुद्रांतील प्रमाणाच्या पाच-सहा पट झाले आहे.

आजच्या प्रवाहांच्या बातम्यांकडे सावधपणे पाहावे. उतारांवर उन्हाळ्यात वाढणाऱ्या काळसर रेषा २०११ मध्ये नोंदल्या गेल्या आणि २०१५ मध्ये त्या खारट पाण्याच्या असल्याचे जाहीर झाले. परंतु २०१७ मधील अभ्यासात त्या कोरडी वाळू घसरून होतात तशाच, ठरावीक तीव्रतेच्या उतारांवरच संपतात, असे दिसले. उतारांवरच्या लहान, ताज्या घळींतील आजचे बदलही बरेचसे कार्बन डायऑक्साइडच्या हिमामुळे होतात.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : पर्सिव्हियरन्स रोव्हर जेझेरो विवरातच का पाठवले, आणि तिथे जीवसृष्टीचा पुरावा मिळाला, असे म्हणता येईल का?

उत्तर : जेझेरो हे सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. पश्चिमेकडून नेरेत्वा व्हॅलिस हे खोरे त्याचा काठ कापून आत शिरते आणि त्याच्या मुखाशी स्पष्ट त्रिभुज प्रदेश आहे. पाण्याने आणलेला बारीक गाळ शांत पाण्यात बसला की त्यात सेंद्रिय पदार्थ गाडले जाऊन टिकण्याची शक्यता अधिक, हा त्या निवडीमागचा विचार होता. अशा निवडीत धोका असतो. २००४ मध्ये स्पिरिट रोव्हर गुसेव्ह विवरात उतरवले ते मादीम व्हॅलिस हे प्रचंड खोरे त्यात उघडते म्हणून. पण तळावर सरोवराचा गाळ सापडण्याऐवजी त्यावर नंतर पसरलेला लाव्हारसच सापडला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेल्या पर्सिव्हियरन्सलाही विवराच्या तळावर आधी अग्निजन्य खडकच लागले. परंतु त्रिभुज प्रदेशाच्या उरलेल्या एका टेकडीच्या, कोडियाकच्या, छायाचित्रांत आडव्या थरांमध्ये तिरके थर स्पष्ट दिसले, आणि हे नदी सरोवराला मिळत असल्याचे नेमके लक्षण आहे. सर्वांत वरच्या थरांत मीटरभर आकाराचे धोंडे आहेत, म्हणजे शेवटच्या काळात शांत नदीऐवजी जोरदार पूर येत होते.

जुलै २०२४ मध्ये नेरेत्वा व्हॅलिसच्या पात्रातच रोव्हरला तांबूस चिकणमातीचा एक खडक मिळाला. त्याला चेयावा फॉल्स असे नाव दिले आहे. त्यावर गडद कडा असलेले फिकट ठिपके आहेत, सेंद्रिय कार्बन आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्या ठिपक्यांत व्हिव्हिएनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजे असावीत. पृथ्वीवर अशी खनिजे चिखलातील सूक्ष्मजीवांच्या क्रियांमुळे होतात. ती जीवांशिवायही होऊ शकतात, मात्र त्यासाठी सहसा जास्त तापमान लागते आणि या खडकाला तशी उष्णता लागल्याच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून त्याला जीवसृष्टीची संभाव्य खूण असे म्हटले जाते. ‘संभाव्य’ हा शब्द वगळून दिलेल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये.

त्या खडकाचा नमुना रोव्हरने नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर कसा आणि कधी आणायचा, हे खर्चाच्या प्रश्नामुळे ठरलेले नाही, याची खंत वाटते. कारण त्या ठिपक्यांतील लोह आणि गंधक यांच्या समस्थानिकांची प्रमाणे मोजणे, खनिजांची रचना अणुपातळीवर पाहणे आणि कार्बनचे रेणू एकेक करून ओळखणे, ही कामे ज्या उपकरणांनी होतात ती रोव्हरवर मावत नाहीत आणि आजतरी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांतच उपलब्ध आहेत.